कांदळवन, खारभूमी आणि किनाऱ्याचे संरक्षण : निसर्गाधारित उपायांच्या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

हवामानबदलाविषयीच्या चर्चेत अलीकडच्या काळात ज्या संज्ञांना झपाट्याने मान्यता मिळाली, त्यांत ‘निसर्गाधारित उपाय’ ही संज्ञा अग्रभागी आहे. समुद्राची पातळी वाढत आहे, अरबी समुद्रातही तीव्र चक्रीवादळे निर्माण होत आहेत आणि किनाऱ्यावरील वस्ती सहजासहजी मागे सरकण्याच्या स्थितीत नाही. अशा वेळी दगडी बंधाऱ्यांवरील खर्च दर पावसाळ्यात समुद्रार्पण करण्याऐवजी कांदळवने, वाळूच्या टेकड्या व चिखलपाट यांच्याकडूनच किनाऱ्याचे रक्षण करून घ्यावे, असा हा विचार आहे. विचार आकर्षक आहे आणि त्याला शास्त्रीय आधारही आहे. तथापि एखादी संकल्पना योजनांच्या भाषेत शिरली की तिचा आशय हळूहळू आकुंचित होत जातो आणि जे मोजता येते तेवढेच तिच्या नावाने शिल्लक राहते. निसर्गाधारित किनारा-संरक्षणाचे भारतात, विशेषतः कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर, असेच काहीसे होत आहे.

या संकल्पनेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निसर्गाधारित संरक्षण म्हणजे झाडांची भिंत नव्हे. भरतीला मिळणारी जागा, गाळ व गोडे पाणी यांचा ओघ आणि या दोहोंची राखण करणारी माणसे या तिहींच्या मेळातून ती एक व्यवस्था म्हणून उभी राहते, अशी लेखाची भूमिका आहे. प्रचलित धोरण यांपैकी केवळ झाडांचीच नोंद ठेवते. परिणामी किनाऱ्याला सुरक्षिततेचा खोटा दिलासा मिळतो आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही व्यवस्था सांभाळली, ते खारभूमीचे शेतकरी मात्र तिच्या बाहेर फेकले जातात.

संकल्पनेचा आशय

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ च्या हवाई येथील अधिवेशनात निसर्गाधारित उपायांची व्याख्या स्वीकारली आणि २०२० मध्ये ८ निकष व २८ निर्देशक असलेले जागतिक मानक प्रसिद्ध केले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये या संज्ञेला औपचारिक मान्यता दिली. या सर्व मांडण्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. परिसंस्थेचे संरक्षण, पुनरुज्जीवन किंवा शाश्वत व्यवस्थापन यांतून मानवी कल्याण व जैवविविधता या दोन्ही गोष्टी साध्य व्हाव्यात, अशी त्यांची अपेक्षा आहे. म्हणजे केवळ वृक्षलागवड या व्याख्येत बसत नाही. त्या लागवडीने परिसंस्था कार्यक्षम झाली की नाही आणि स्थानिक समाजाचा तीत वाटा राहिला की नाही, हे प्रश्न व्याख्येतच अनुस्यूत आहेत.

भारतीय धोरणात ही संज्ञा प्रामुख्याने कांदळवनांच्या रूपाने आली. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘मिष्टी’ ही योजना जाहीर झाली. ५ जून २०२३ रोजी तिचा प्रारंभ झाला आणि पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्रावर कांदळवनांची लागवड व पुनरुज्जीवन करण्याचे उद्दिष्ट ठरले. तत्पूर्वी २०१८ मध्ये हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा या तीन राज्यांच्या किनारी समाजांसाठी एक प्रकल्प मंजूर केला होता. महाराष्ट्राने तर २०१२ मध्येच स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, २०१५ मध्ये कांदळवन व सागरी जैवविविधता संवर्धन प्रतिष्ठान उभारले आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. या प्रयत्नांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे यश कोणत्या मापाने मोजले जाते, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

पुरावा काय सांगतो?

कांदळवने किनाऱ्याचे रक्षण करतात, हे विधान सर्वसाधारणपणे खरे आहे. पण ‘कशापासून’ आणि ‘किती’ या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. उपलब्ध अभ्यासांच्या आढाव्यानुसार वाऱ्याने उठणाऱ्या लाटा १०० मीटर रुंदीच्या कांदळवनातून जाताना त्यांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते. चक्रीवादळामुळे समुद्राचे पाणीच वर चढते, तेव्हा मात्र प्रत्येक किलोमीटर रुंदीमागे पाण्याची पातळी साधारणतः ५ ते ५० सेंटिमीटरने उतरते. म्हणजे रोजच्या लाटांसाठी शंभर मीटरांचा पट्टा उपयोगी ठरतो. वादळी पाण्यासाठी कित्येक किलोमीटरांचे वन लागते. कोकणातील बहुतेक खाड्यांच्या काठी कांदळवनांचे पट्टे अरुंद आहेत. त्यांच्याकडून पहिल्या प्रकारच्या रक्षणाची अपेक्षा करणे रास्त आहे. दुसऱ्या प्रकारचे रक्षण ते करतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

२००४ च्या त्सुनामीनंतर झालेला वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. के. कथिरेसन व एन. राजेंद्रन यांनी २००५ मध्ये तामिळनाडूच्या परंगीपेट्टई किनाऱ्यावरील १८ वस्त्यांचा अभ्यास करून किनारी वनस्पतींमुळे जीवितहानी कमी झाल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी केर, बेअर्ड व कॅम्पबेल यांनी त्याच माहितीची फेरतपासणी केली. वस्तीचे समुद्रापासूनचे अंतर व तिची उंची या दोन घटकांनीच हानीतील बहुतांश फरक स्पष्ट होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सुरक्षित वस्त्या उंचावर व किनाऱ्यापासून दूर होत्या. झाडेही तेथेच होती. झाडांना मिळालेल्या श्रेयाचा मोठा भाग वस्तुतः जागेचा होता.

याउलट ओडिशातील १९९९ च्या महाचक्रीवादळाविषयी सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट यांचा २००९ मधील अभ्यास अधिक भक्कम मानला जातो. केंद्रपाडा जिल्ह्यातील शेकडो गावांच्या माहितीवरून त्यांनी असे दाखवले की, समुद्र व गाव यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी. परंतु त्याच अभ्यासाचे दुसरे विधान फारसे उद्धृत केले जात नाही. कांदळवनांनी वाचवलेल्या जिवांपेक्षा शासनाने वेळेवर दिलेल्या पूर्वसूचनेने अधिक जीव वाचले, असेही त्यांना आढळले. निसर्गाधारित उपाय हा पूर्वसूचना, निवारे व सुरक्षित स्थलांतर यांना पर्याय नसून पूरक आहे, हा त्याचा सरळ अर्थ होय. योजनांच्या माहितीपुस्तिकांत हा भेद क्वचितच आढळतो.

लागवडीचे आकडे आणि गतीचे विस्मरण

कांदळवनांच्या यशाचे रूढ माप म्हणजे क्षेत्रफळ. भारतीय वनसर्वेक्षणाच्या १९८७ च्या अहवालात देशातील कांदळवनांखालील क्षेत्र ४,०४६ चौरस किलोमीटर होते; २०२१ च्या अहवालात ते ४,९९२ चौरस किलोमीटर झाले, तर महाराष्ट्राचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर नोंदले गेले. ही वाढ समाधानकारक वाटते. मात्र वाढ कोठे झाली, कशाच्या जागी झाली आणि तिने कोणते गाव सुरक्षित झाले, हे आकडा सांगत नाही. ठाणे खाडीत कांदळवन चिखलपाटांवर पसरले आहे. २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळालेल्या या खाडीतील रोहित पक्ष्यांचे चराऊ क्षेत्र म्हणजे हेच चिखलपाट. अलिबाग-पेण परिसरात फुटलेल्या बंदिस्तीमागील भातखाचरांत तिवरे वाढली आहेत. उपग्रहाच्या प्रतिमेत या दोन्ही घटना ‘वनवाढ’ म्हणूनच नोंदल्या जातात. एका ठिकाणी एका परिसंस्थेने दुसरीची जागा घेतलेली असते, तर दुसऱ्या ठिकाणी एका कुटुंबाचे शेत गेलेले असते.

लागवडीच्या बाबतीत फिलिपीन्सचा अनुभव बोलका आहे. प्रिमाव्हेरा व एस्तेबान यांनी २००८ मध्ये तेथील काही दशकांच्या लागवड-कार्यक्रमांचा आढावा घेतला, तेव्हा दीर्घकाळ तगलेल्या रोपांचे प्रमाण साधारणतः १० ते २० टक्केच आढळले. त्याचे कारण सोपे होते. कांदळाची शेंगेसारखी लांब रोपबीजे गोळा करणे व चिखलात खोचणे सोयीचे असते; म्हणून जेथे स्वभावतः तिवर व चिपी वाढतात, त्या समुद्राभिमुख जागीही कांदळच लावले गेले. लागवडीसाठी मोकळी जागा म्हणून ज्यांची निवड झाली, ते चिखलपाट व सागरी गवताची कुरणे होती. झाडांसाठी ती जागा मुळात नव्हतीच. रोपांची संख्या हे उद्दिष्ट ठरले की जागेची पारख मागे पडते.

भारतात याच्या नेमके उलट उदाहरण उपलब्ध आहे. तामिळनाडूतील पिचावरम येथे एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने प्रथम रोपे लावली नाहीत. कांदळवन का मेले, याचा शोध घेतला. पूर्वीच्या तोडीमुळे जमीन खचून खोलगट झाली होती, तेथे भरतीचे पाणी साचून खारटपणा वाढत होता. माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणून पाण्याला ये-जा करण्याची वाट करून देण्यात आली व त्यानंतर लागवड झाली. उजाड झालेला भाग पुन्हा हिरवा झाला. पाण्याची वाट आधी व रोप नंतर, हा क्रम अमेरिकी परिसंस्थातज्ज्ञ रॉबिन लुईस यांनीही आग्रहाने मांडला होता. भरतीओहोटीची गती सुरळीत झाली, तर बीज बहुधा पाण्याबरोबर स्वतःच येते.

गाळाचा प्रश्न याहून गंभीर आहे. कांदळवन मुळांमध्ये गाळ अडवून आपली जमीन उंचावत राहते, म्हणूनच ते वाढत्या समुद्राबरोबर तग धरू शकते. परंतु या क्षमतेला मर्यादा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार जमिनीच्या तुलनेत समुद्राची पातळी दरवर्षी सुमारे ६ मिलिमीटरांपेक्षा अधिक वेगाने वाढू लागली, तर कांदळवने ही उंची राखू न शकण्याचा संभव फार मोठा आहे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालात २००६ ते २०१८ या काळातील जागतिक वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर दिला आहे. दोन्ही आकड्यांतील अंतर मोठे नाही. नद्यांवरील धरणांनी गाळ अडवला आणि खाड्यांतून यंत्रांनी वाळू उपसली, तर ती मर्यादा अधिकच जवळ येते. एका खात्याने रोपे लावावीत आणि दुसऱ्याने त्याच खाडीतील वाळूच्या उपशाचे लिलाव करावेत, ही विसंगती कोणत्याही लागवडीच्या आकड्यात दिसत नाही.

वाळूच्या किनाऱ्यांची उपेक्षा

कोकणाचा किनारा सलग नाही. खडकाळ भूशिरे, त्यांच्या कुशीतील पुळणी आणि आत दूरवर शिरलेल्या खाड्या अशी त्याची रचना आहे. खाडीच्या आश्रयाला कांदळवन असते. उघड्या पुळणीवर ते जगत नाही. तेथील नैसर्गिक बांध म्हणजे वाळूच्या टेकड्या व त्यांना धरून ठेवणाऱ्या वनस्पती. समुद्राच्या बाजूने सर्वांत पुढे पसरणाऱ्या वेलीला मराठीने ‘मर्यादवेल’ म्हटले आहे. समुद्राची मर्यादा कोठपर्यंत, हे सांगणारी ती वेल, हे नाव ठेवणाऱ्यांचे निरीक्षण पुरेसे नेमके होते. या टेकड्यांवर अनेक ठिकाणी सुरूची एकसुरी लागवड झाली. सुरू वेगाने वाढतो व वारा अडवतो, हे खरे. पण तो या किनाऱ्याचा मूळ रहिवासी नाही आणि त्याच्या दाट सावलीत व पर्णराशीत मर्यादवेलीसारख्या वाळू बांधणाऱ्या वनस्पतींना वाव राहत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. किनाऱ्यावरील हिरवळ आणि किनाऱ्याची सुरक्षितता या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे या घटनेने पुरेसे स्पष्ट केले.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील किनारारेषेचा अभ्यास केला. त्यानुसार देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भागाची धूप होत आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे पाव आहे. रत्नागिरीजवळील मिऱ्यासारख्या ठिकाणी दगडी धूपप्रतिबंधक बंधारे वारंवार ढासळतात व पुन्हा बांधले जातात. येथे कांदळवनाचा उपाय लागू नाही. पुळणीला व तिच्या मागील टेकडीला हलण्याइतकी जागा सोडणे हाच निसर्गाधारित उपाय होय. कायदा मात्र उलट दिशेने गेला आहे. १९९१ व २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनांनी ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर पट्टा बांधकामरहित ठेवला होता. जानेवारी २०१९ मध्ये लागू झालेल्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक घनता असलेल्या, ग्रामीण भागांसाठी तो ५० मीटरांवर आणला. समुद्र पुढे येत असताना त्याला सोडलेली जागा कमी करणे आणि त्याच काळात निसर्गाधारित उपायांसाठी निधी मंजूर करणे, यांचा मेळ घालणे कठीण आहे.

खारभूमी व खाजण : परंपरेचे साक्ष्य

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ व ‘बंधारा’ ही विभागणी इतकी कठोर कधीच नव्हती. गोव्यातील खाजण जमिनी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. सुमारे १८,००० हेक्टरांवर पसरलेल्या या जमिनी खाडीच्या भरतीपासून माती, गवत व जांभ्या दगडाच्या बांधांनी सुरक्षित केलेल्या आहेत. बांधाच्या बाहेर कांदळवन राखलेले असते. ते लाटेचा पहिला मारा झेलते व बांध टिकवते. बांधात ‘मानस’ असते. भरतीच्या दाबाने तिची लाकडी दारे मिटतात व ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. आतील ‘पोय’ जादा पाणी सामावून घेते. खाचरात कोरगुट, आसगो यांसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. मानशीवरील मासेमारीच्या हक्कांचा लिलाव होई आणि बांधांची देखरेख गावकरी संस्था, म्हणजे कोमुनिदाद, व भोगवटादारांच्या संघटना करीत. येथे निसर्ग, स्थापत्य व संस्था या तिहींपैकी एकही वगळता येत नाही.

रायगड जिल्ह्याच्या खारापाटात हीच रचना वेगळ्या नावांनी आढळते. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये ‘शिलोत्री’ या धारापद्धतीखालील, खाडीतून मिळवलेल्या भातजमिनींचे वर्णन आहे. बाहेरकाठा, आतील बांध, उघाडी, उधाणाच्या दिवसांतील राखण आणि खांड पडताच सर्वांनी धावून जाणे, ही येथील शेतीची अंगे होती. शेततळ्यातला जिताडा हा या शेतीचा जोडलाभ. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या ‘पनवेल’ जाती विकसित करून या परंपरेला शास्त्रीय जोड दिली.

या व्यवस्थेचे विघटन कसे झाले, हे पाहणे महत्त्वाचे आहे. १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्याने व पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने बंदिस्तीची जबाबदारी क्रमशः शासकीय यंत्रणेकडे गेली. गोव्यात १९६४ च्या कूळ कायद्याने व त्यातील १९७६ च्या दुरुस्तीने जमीन कसणाऱ्याची झाली. हे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यकच होते. परंतु बांध सांभाळणारी जुनी संस्था दुबळी झाली आणि तिची जागा घेणारी नवी संस्था तितकी सक्षम झाली नाही. बांध फुटण्यात मत्स्यशेतीचा लाभ पाहणारेही निघाले. शेतकऱ्याने एका रात्रीत बुजवलेली खांड अंदाजपत्रक, निविदा व मंजुरीच्या फेऱ्यात दोन-दोन वर्षे उघडी राहू लागली. एकदा खारे पाणी आत शिरले की जमिनीतील मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. तेवढ्या अवधीत तिवरे रुजतात.

येथेच प्रस्तुत विषयातील सर्वांत अवघड पेच उभा राहतो.

कायद्याचे कवच आणि त्याची मर्यादा

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यातील कांदळवनांची तोड व त्यांवरील भराव यांना मनाई करणारा अंतरिम आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकालाने तो कायम केला. जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी अपवाद हवा असल्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल, अशी ही तरतूद आहे. मुंबई परिसरात डेब्रिजचे भराव टाकून रातोरात खाड्या गिळण्याचा जो उद्योग चालला होता, त्याला आळा घालण्यासाठी इतकी कठोर भूमिका अपरिहार्य होती. हा निकाल नसता तर महामुंबईतील कांदळवनाचा आजचा विस्तार दिसला नसता, हे मान्य केले पाहिजे.

परंतु एकाच नियमाचे परिणाम सर्वत्र सारखे होत नाहीत. ज्याची बंदिस्ती शासकीय दिरंगाईमुळे दुरुस्त झाली नाही, त्या रायगडमधील शेतकऱ्याच्या खाचरात तिवरे उगवली की ती जमीन संरक्षणाच्या कक्षेत येते. त्याला शेत पूर्ववत करता येत नाही. जमीन संपादित झालेली नसल्याने मोबदलाही मिळत नाही. सातबारा त्याच्या नावावर राहतो, जमीन मात्र समुद्राची होते. दुसरीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वे प्रकल्पासाठी वीस हजारांहून अधिक कांदळवृक्ष तोडण्यास परवानगी दिली. प्रकल्पाचे सार्वजनिक महत्त्व न्यायालयाने तपासले होते, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की, मोठ्या प्रकल्पाकडे न्यायालयाच्या दारापर्यंत जाण्याचे सामर्थ्य असते. दोन एकर खाचराच्या धन्याकडे ते नसते. सार्वजनिक हिताच्या अपवादात त्याची बंदिस्ती कधी बसावी?

यावर असा आक्षेप घेता येईल की, शेतकऱ्याच्या नावाने अपवाद उघडला तर त्याच दाराने भूखंडमाफिया आत येतील. आक्षेप निराधार नाही. खारभूमीतील कित्येक जमिनींचे व्यवहार शेतीसाठी झालेले नाहीत, हे रायगडमध्ये सर्वश्रुत आहे. तथापि त्यावर उपाय म्हणून सर्वांनाच एका मापाने मोजणे न्याय्य ठरत नाही. भेद करण्याची साधने उपलब्ध आहेत : खारभूमी योजनांचे जुने नकाशे, सातबाऱ्यावरील पीकपाहणी आणि वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा यांवरून कोणते खाचर केव्हा व कशामुळे बुडाले, हे ठरवता येते. विशेष म्हणजे २०११ च्या किनारा अधिसूचनेने गोव्यातील खाजण जमिनींची नावानिशी दखल घेऊन त्यांचे नकाशे व व्यवस्थापन आराखडा तयार करण्यास सांगितले होते. तिच्यात रायगडच्या खारभूमीला असे स्वतंत्र स्थान मिळाले नाही. एकाच किनाऱ्यावरील एकाच जातीच्या दोन व्यवस्थांना कायद्याने दोन न्याय लावले.

हेही लक्षात घेतले पाहिजे की, फुटलेली प्रत्येक बंदिस्ती पुन्हा उभारणे हा योग्य मार्ग असेलच असे नाही. समुद्र चढत असताना काही बाहेरकाठे मागे घेणे आणि पुढची जमीन जाणीवपूर्वक भरतीला देणे शहाणपणाचे ठरेल. त्या जमिनीवर वाढणारे कांदळवन मागील बांधाचे रक्षण करील. खाजणाची मूळ रचनाही हीच आहे. मात्र तो निर्णय चर्चेने व मोबदल्यासह व्हावयास हवा. बांध आपोआप फुटू देणे आणि मागाहून त्याला पर्यावरणीय यश म्हणणे, याला नियोजन म्हणता येत नाही. सर्वांच्या संरक्षणासाठी ज्याची जमीन जाते, त्याने ती फुकट द्यावी, ही अपेक्षा कोणत्याही बंधाऱ्याच्या वा रस्त्याच्या बाबतीत केली जात नाही. ती केवळ निसर्गाच्या नावाने केली जाते.

राखणदारांचा प्रश्न

राज्य शासनाने २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू केली. खेकडेपालन, कालवेपालन, शोभिवंत माशांचे संवर्धन, निसर्गपर्यटन असे उपक्रम तीत आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचत गटाने चालवलेली कांदळवन सफर हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा उपक्रमांमुळे कांदळवनाशी गावाचे नाते टिकते, ही त्यांची जमेची बाजू आहे. तथापि या योजनेत ग्रामस्थ ‘लाभार्थी’ म्हणून येतो. खाडीच्या व्यवस्थापनाचा निर्णयकर्ता म्हणून येत नाही. मानशीच्या लिलावाचा पैसा बांधाच्या दुरुस्तीला लावणारी गावकरी संस्था व अनुदानासाठी अर्ज करणारा गट यांत मोठे अंतर आहे. पहिलीकडे अधिकार व जबाबदारी दोन्ही होते. दुसऱ्याकडे प्रकल्पाचा कालावधी संपला की दोन्ही उरत नाहीत.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. निसर्गाधारित किनारा-संरक्षणाची संकल्पना टाकाऊ नाही. तिचे प्रचलित रूप अपुरे आहे. अरुंद कांदळवन लाटा शमवते, पण वादळाचे पाणी थोपवत नाही. म्हणून पूर्वसूचना व निवारे यांचा खर्च लागवडीच्या खात्यात वळवता कामा नये. लागवडीचे यश रोपांच्या संख्येने न मोजता भरतीच्या मोकळ्या वाटा, गाळाचा ओघ आणि पाच-दहा वर्षांनंतर तगलेले वन यांनी मोजले जावे. उघड्या पुळणीवर वाळूच्या टेकड्यांना व मर्यादवेलीला त्यांची जागा परत मिळावी. खारभूमीला खाजणाप्रमाणे कायद्यात स्वतंत्र ओळख मिळावी. कोठे बंदिस्ती राखायची व कोठे जमीन भरतीला द्यायची, हे खाडीनिहाय आराखड्याने ठरावे आणि दिलेल्या जमिनीचा मोबदला मिळावा.

या अखेरच्या मुद्द्यावर संकल्पनेची खरी कसोटी आहे. कोकणच्या माणसाने समुद्राशी केलेला करार शतकानुशतके बांधाच्या दोन्ही बाजूंना राबून पाळला : बाहेर तिवर राखली, आत भात पिकवले. नव्या धोरणाने त्यातील बाहेरची बाजू उचलून धरली आणि आतली सोडून दिली. परंतु राखण करणारा हात आतल्याच बाजूला आहे. तो उठून गेला, तर बाहेरची झाडे काही काळ वाढतील, अहवालांतील क्षेत्रफळही वाढेल; बांधामागचे गाव मात्र सुरक्षित झालेले नसेल.